परकुड्यपीडा : शेजाऱ्याच्या भिंतीचें नुकसान आणि आपलें व्यवहारशास्त्र

१

शेजाऱ्याच्या बांधकामामुळें आपल्या भिंतीस तडा गेल्यास त्याची भरपाई कोणीं करावयाची, किती करावयाची आणि कोणत्या आधारावर, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा आहे. इतिहाससंशोधकांनीं त्यांत पडण्याचें कारण नाहीं, असें कोणासही वाटेल. आम्हांसही पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घराच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांनीं आपला जुना वाडा उतरवून नव्या इमारतीसाठीं खोदाई सुरू केली. त्यांच्या व आमच्या घरांमध्यें एक अरुंद बोळ आहे. बोळाच्या कडेपर्यंत खड्डा आला आणि तो दोन पुरुष खोल गेला. थोड्याच दिवसांत आमच्या भिंतीस जोत्यापासून वळचणीपर्यंत तडा पडला, आणि पहिल्याच पावसांत त्या तड्यावाटे पाणी आंत शिरून भिंतीलगतच्या फडताळांतील पोथ्यांचे दोन रुमाल भिजले.

आम्हीं शेजाऱ्यांकडे गोष्ट काढली, तेव्हां दोन उत्तरें मिळालीं. एक असें कीं, भिंत मातीची व जुनी, ती आज ना उद्यां बसणारच होती. दुसरें असें कीं, भिंत आणि बोळ तुमचाच, याला कागद काय? एका परिचित कायदेपंडितांस विचारलें तर त्यांनीं इंग्रजी कायद्याचा आधार सांगितला व वर असेंही म्हटलें कीं, शेजाऱ्याचें नुकसान केल्यास शेजाऱ्यासच पैसे भरून द्यावयाचे, ही कल्पना मुळीं इंग्रजी अमदानींत आली. आपल्या शास्त्रांत राजानें दंड घ्यावा, एवढेंच होतें.

हें शेवटचें विधान आम्हीं यापूर्वींही अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे. तें खरें आहे कीं खोटें, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु. निष्कर्ष प्रथमच सांगून टाकतों : तें विधान टिकत नाहीं. मात्र त्याच्या उलट, आजच्या कायद्यांतील सर्व कांहीं आपल्या स्मृतींत आधींच होतें, असें जें दुसरें विधान आवेशानें करण्यांत येतें, तेंही टिकत नाहीं.

२

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. या विषयावरील प्राचीन वचनें तीन ठिकाणीं सांपडतात. पहिलें ठिकाण कौटिलीय अर्थशास्त्राचें. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आलेल्या तालपत्रावरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तो नांवानें व अवतरणांनींच विद्वानांस माहीत होता. पुढें १९६० मध्यें मुंबई विद्यापीठानें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली. घरांच्या तंट्यांविषयींचा भाग त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांत आहे.

दुसरें ठिकाण मनु, विष्णु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींचें. यांपैकीं याज्ञवल्क्याचा आपल्या प्रांताशीं संबंध विशेष निकट आहे. त्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या कारकीर्दींत कल्याणी येथें लिहिली. आणि त्याच स्मृतीवरील दुसरी मोठी टीका बाराव्या शतकांत उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा अपरादित्यानें, म्हणजे अपरार्कानें, लिहिली. मिताक्षरेचा अधिकार पेशवाईअखेरपर्यंत व त्यानंतरही येथें मानला जात होता.

तिसरें ठिकाण बृहस्पति व कात्यायन यांचें. यांच्या व्यवहारस्मृति अखंड मिळत नाहींत. निबंधकारांनीं घेतलेल्या अवतरणांवरून त्या जुळवाव्या लागतात. कात्यायनाचीं वचनें म. म. पां. वा. काणे यांनीं एकत्र करून १९३३ सालीं प्रसिद्ध केलीं. बृहस्पतीचीं वचनें रंगस्वामी अय्यंगार यांनीं १९४१ सालीं बडोद्याच्या ग्रंथमालेंत दिलीं. घराचें भांडण हा विषय या दोघांत विशेष सूक्ष्मपणें आलेला असल्यामुळें, ज्यांच्या संग्रहीं निबंधग्रंथांच्या जुन्या प्रती असतील त्यांनीं सीमाविवादाचीं पानें अवश्य ताडून पाहावींत.

३

कौटिल्य ‘वास्तु’ या शब्दानें घर, शेत, बाग, बांध, तळें व जलाशय एवढें सर्व घेतो, आणि आरंभींच सांगतो कीं वास्तूचे तंटे सामंतांच्या भरंवशावर तोडावे. येथें सामंत म्हणजे मांडलिक राजे नव्हेत, लगतचे शेजारी. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

त्यानंतर तो अंतरें देतो. नवें घर बांधणारानें पाया घालतांना परक्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि किंवा तीन पदें मागें सरावें. शौचकूप, सांडपाण्याची वाट, विहीर यांसही अशाच मर्यादा आहेत. अपवाद फक्त बाळंतिणीसाठीं केलेल्या खड्ड्याचा, आणि तोही दहा दिवसांपुरता. मर्यादा ओलांडल्यास पूर्वसाहसदंड, म्हणजे कौटिल्याच्याच हिशेबानें ४८ ते ९६ पण. पाणी वाहून नेणाऱ्या वाटेचें अंतर मोडल्यास ५४ पण. गाडी व जनावरें ठेवण्याची जागा, चूल, पाण्याच्या रांजणाची जागा, दळण्याकांडण्याचीं साधनें, यांस एक पद किंवा एक अरत्नि अंतर; तें मोडल्यास २४ पण.

दळण्याकांडण्याचा उल्लेख आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. रांजणाच्या ओलीनें भिंत खचते हें उघड आहे. पण उखळाच्या धक्क्यांनीं शेजारची भिंत हादरते, हेंही शास्त्रकारानें हिशेबांत धरलें आहे. आज पाया ठोकण्याच्या यंत्रांनीं आसपासचीं घरें हादरतात, तेव्हां जो प्रश्न निर्माण होतो त्याचें लहान रूप येथें आहे.

मापांचा हिशेब असा : २४ अंगुलांचा एक अरत्नि, अंगुल सुमारें पाऊण इंचाचें धरल्यास अरत्नि दीड फुटाचा होतो, म्हणजे आपला हात. दोन अरत्नि म्हणजे दोन हात किंवा तीन फूट. पद १४ अंगुलांचें. तीन पदें म्हणजे ४२ अंगुलें. याच अध्यायांत पुढें, दोन घरांच्या वा त्यांच्या पुढें आलेल्या पडव्यांच्या मध्यें एक किष्कु किंवा तीन पदें अंतर असावें, असें म्हटलें आहे. मानाध्यायांत साधा किष्कु ३२ अंगुलांचा व सुताराचा ४२ अंगुलांचा दिला आहे. बांधकामाच्या प्रकरणीं सुताराचें माप घेणें स्वाभाविक. तसें घेतल्यास किष्कु व तीन पदें हीं एकाच लांबीचीं दोन नांवें ठरतात. हें अनुमान आमचें आहे. जाणत्यांनीं तें तपासावें.

या दोन घरांमधील जागेस तो अंतरिका म्हणतो. आपल्याकडे तिलाच बोळ म्हणतात. दोहोंच्या वळचणींत, त्याच्या शब्दांत नीव्रांत, चार अंगुलें अंतर असावें किंवा एकीवर दुसरी यावी. आणि पडझड झालेला भाग दुरुस्त करतां यावा म्हणून अंतरिकेंत किष्कुमात्र लहान दार ठेवावें, असेंही सांगितलें आहे. अर्थात् बोळ ही उरलेली निरुपयोगी पट्टी नव्हे. भिंतीची डागडुजी करतां यावी म्हणून शास्त्रानें ती राखून ठेविली आहे.

कात्यायनाचें वचन याच्याशीं मिळतें. विष्ठा, मूत्र व पाणी यांचीं स्थानें, चक्र, अग्नि व श्वभ्र म्हणजे खड्डा, हीं परक्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि सोडून करावींत, असें तो सांगतो. बृहस्पतीही शौचस्थान, अग्नि, खड्डा व उष्टें पाणी टाकणें हीं परभिंतीच्या अगदीं निकट करूं नयेत असें म्हणतो, पण माप देत नाहीं. अर्थशास्त्र व कात्यायन यांच्यामध्यें काळाचें मोठें अंतर मानलें जातें. तरी दोन अरत्नींचें माप कायम राहिलें. यावरून हें माप केवळ ग्रंथांतरीं नव्हतें, गवंड्यांच्या हातांत होतें, असें मानण्यास जागा आहे.

येथें एक तुलना करण्यासारखी आहे. परक्याच्या भिंतीस पाण्यानें प्रत्यक्ष उपद्रव दिल्यास कौटिल्याचा दंड १२ पण, मलमूत्रानें दिल्यास दुप्पट. परंतु पायाचें अंतर मोडणें हा गुन्हा, भिंतीस कांहीं झालें नसलें तरी, ४८ पणांच्या खालीं येत नाहीं. म्हणजे नुकसान झाल्यावर न्याय करण्यापेक्षां तें होऊं न देण्याकडे शास्त्रकाराचें लक्ष अधिक होतें. शिवाय घरमालकांनीं एकत्र येऊन आपसांत वाटेल तशी व्यवस्था करावी व अनिष्ट टाळावें, अशी मोकळीकही त्यानें दिली आहे.

४

आतां मुख्य प्रश्न : भिंत पडलीच, तर शेजाऱ्यास काय मिळे?

कौटिल्य तिसऱ्या अधिकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायांत सांगतो कीं, आघातानें परक्याची भिंत हालविणारास तीन पण दंड, तोडणें फोडणें घडल्यास सहा पण, आणि प्रतीकारही. प्रतीकार म्हणजे भिंत पूर्ववत् करून देणें. विष्णुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत घर, भूमि, भिंत इत्यादि फोडणारास मध्यमसाहस दंड सांगून, तें पुन्हां जोडून द्यावें असें लगेच म्हटलें आहे.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील २२३ वा श्लोक सर्वांत स्पष्ट आहे. भिंतीस आघात, छेद व भेद केल्यास अनुक्रमें ५, १० व २० पण दंड. भिंत पाडल्यास काय, आणि शेवटीं ‘तद्व्यय’. या दोन गोष्टींचा उलगडा विज्ञानेश्वर करतो. भिंत पाडल्यास तिन्ही दंड एकत्र घ्यावे, म्हणजे ३५ पण. आणि याखेरीज भिंत पुन्हां उभी करण्यास लागणारें धन भिंतीच्या मालकास द्यावें. दंड राजाचा, व्यय मालकाचा : दोन रकमा, दोन धनी. कल्याणीच्या या पंडितानें हें इतकें उघड लिहून ठेविलें असतां, आपल्या शास्त्रांत राजाचा दंड तेवढा होता, असें म्हणणें म्हणजे श्लोकाचें शेवटचें पद न वाचण्यासारखें आहे.

मनूचा नियम याहूनही व्यापक आहे. आठव्या अध्यायाच्या २८८ व्या श्लोकांत, कोणीं कोणाच्या वस्तूंचा नाश केल्यास, तो जाणून केलेला असो वा न जाणतां, त्यानें मालकाची तुष्टि करावी व तितकेंच राजास द्यावें, असें सांगितलें आहे. येथें मालकाचें समाधान आधीं व राजाचा भाग नंतर आला आहे, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे.

चार ग्रंथकार, चार निरनिराळे दंड. तीन पणांपासून मध्यमसाहसापर्यंत दंडाचे आंकडे बदलत गेले. परंतु मोडलेलें पुन्हां करून द्यावयाचें, या एका गोष्टींत चौघांचें एकमत आहे.

५

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड नसला तरी वजनदार आहे. याज्ञवल्क्य व कौटिल्य यांचीं हीं वचनें दंडपारुष्याच्या प्रकरणांत आलीं आहेत. मिताक्षराकार मुद्गराचें नांव घेतो. म्हणजे हातोडा घेऊन दुसऱ्याची भिंत फोडणारा दांडगा येथें अभिप्रेत आहे; आपल्या जागेंत सरळपणें पाया खणणाऱ्या गृहस्थास हें कसें लागू करावयाचें?

याचें उत्तर दोन प्रकारें देतां येतें. एक, मनूनें जाणून व न जाणतां हे दोन्ही प्रकार एकाच नियमांत घातले आहेत. हेतु नसला म्हणून भरपाई टळत नाहीं. दोन, भिंतीस पाण्यानें उपद्रव देण्याचा कौटिल्याचा नियम दंडपारुष्यांत नाहीं, वास्तुप्रकरणांत आहे. तेथें दांडगाईचा प्रश्नच नाहीं. आपल्या घराचें पाणी आपल्याच जागेंतून सोडणाराही तेथें अपराधी ठरतो. तेव्हां आपल्या जागेंत केलेल्या कामानें परक्याची भिंत बिघडली तर करणारा जबाबदार, हें तत्त्व शास्त्रास परकें नव्हतें.

परंतु येथेंच थांबणें प्रामाणिकपणाचें होईल. शेजारची जमीन आपल्या जमिनीस जो आधार देते, त्या आधारावर आपला हक्क आहे, असें स्वतंत्र वचन आमच्या पाहण्यांतील एकाही स्मृतींत नाहीं. खड्ड्याचें अंतर आहे. मातीच्या आधाराचें तत्त्व नाहीं. याचें कारण बहुधा बांधकामाच्या रीतींत आहे. पाया उथळ असे; दोन हातांचें अंतर सोडलें कीं शेजारच्या पायाखालील माती सुटत नसे. मातीवरील भार खालीं जातांना पसरत जातो. ओबडधोबड हिशेबानें, शेजारच्या पायाच्या तळापासून खाली जितकें खोल खणावयाचें तितकें तरी अंतर मध्यें असावें, असें बांधकामाचे जाणकार सांगतात. आमच्या बोळाची रुंदी आम्हीं मोजली. दोन हातांस चार बोटें कमी भरली. म्हणजे कात्यायनाची मर्यादा बहुतेक पाळली गेली होती, आणि तरी भिंत फुटली. दोन हातांचा नियम हात दीड हात खोल पायासाठीं होता. दोन पुरुष खोल खड्ड्यास तो पुरा पडणार कसा? जुनें माप प्रमाण मानतांना त्याच्या मागील कारण सुटूं देऊं नये, हा धडा आम्हांस येथें मिळाला.

दुसरा प्रश्न मजुरांचा. चूक ठेकेदाराची असल्यास मालक सुटतो काय? भिंतीविषयीं असें वचन आम्हांस मिळालें नाहीं. जवळचें उदाहरण मनूच्या आठव्या अध्यायांतील रथाचें आहे : सारथि अकुशल असल्यामुळें रथ भलतीकडे जाऊन हानि झाली तर धनी दंड्य, सारथि कुशल असल्यास सारथि दंड्य. इंग्रजी न्यायालयांनीं १८७६ सालीं बोवर विरुद्ध पीट या खटल्यांत याहून कडक भूमिका घेतली. तेथें मालकानें घर पाडून पाया खणण्याचें काम ठेकेदारास दिलें होतें व शेजारच्या घरास आधार देण्याची जबाबदारीही ठेकेदारानेंच पत्करली होती. तरी जें काम स्वभावतः शेजाऱ्यास धोक्याचें, त्याची खबरदारी दुसऱ्यावर ढकलून मालकास मोकळें होतां येत नाहीं, असें ठरलें. या एका बाबतींत इंग्रजी न्याय मनूच्या पुढें गेला आहे, हें मान्य केलें पाहिजे.

६

मराठेशाहींत अशा तंट्यांचा निकाल गोतसभा, पंचायत व शहरांत कोतवाली यांच्याकडे होत असे. वादी-प्रतिवादींच्या तकरीरी घ्याव्या, शेजाऱ्यांच्या व थळकऱ्यांच्या साक्षी घ्याव्या, जागेवर जाऊन पाहावें, निवाडपत्र द्यावें व हरलेल्याकडून यजितखत लिहून घ्यावें, हा क्रम आपल्या वाचकांस परिचित आहे. सीमेच्या वादांत सामंतांस प्रमाण मानण्याची याज्ञवल्क्याची रीति, आणि हाच विधि घरें व पावसाच्या पाण्याच्या वाटा यांसही लावावा हें त्याचें वचन, या क्रमांत जिवंत राहिलेलें दिसतें.

इंग्रजी अंमल आल्यावर मुंबई इलाख्यासाठीं १८२७ सालचा चौथा रेग्युलेशन झाला. त्याच्या २६ व्या कलमानें न्यायाधीशांस असा क्रम घालून दिला : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशनें, तीं नसतील तेथें देशाचा रिवाज, तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि कांहींच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. म्हणजे शेजारधर्माच्या तंट्यांत रिवाजाचा पुरावा, कागदोपत्रीं दाखवितां आला तर, शास्त्राच्याही आधीं येत होता.

पुढें १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा झाला; तो आरंभीं मुंबई इलाख्यास लागू नव्हता, १८९१ च्या आठव्या कायद्यानें येथें लागू झाला. त्याच्या सातव्या कलमांत, आपली जमीन नैसर्गिक स्थितींत असतां तिला शेजारच्या व खालच्या मातीचा आधार मिळण्याचा प्रत्येक मालकाचा हक्क दृष्टांतानें सांगितला आहे. परंतु हा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. जमिनीवर घर उभें असेल तर घराच्या भारासाठींचा आधार पंधराव्या कलमाप्रमाणें वीस वर्षें शांततेनें, हक्क म्हणून व खंड न पडतां उपभोगलेला असावा लागतो. चौतिसावें कलम सांगतें कीं, आधार काढून घेतला एवढ्यानें भरपाई मागतां येत नाहीं. भरीव नुकसान प्रत्यक्ष झालें पाहिजे. धोका समोर दिसत असेल तर मनाईहुकूम मागण्याची वाट पस्तिसाव्या कलमांत आहे.

प्राचीन व अर्वाचीन यांचा भेद आतां स्पष्ट होतो. बृहस्पति म्हणतो कीं, वसतीच्या आरंभापासून खिडकी, पन्हळ इत्यादि जें जसें भोगलें जात आहे तें हलवूं नये. तेथें मोजणी वसतीच्या आरंभापासून, येथें वीस वर्षांची. कौटिल्य अंतर मोडतांच दंड करतो. १८८२ चा कायदा भरपाईसाठीं भिंत फुटण्याची वाट पाहतो, आणि आधींची खबरदारी नगरपालिकांच्या बांधकामनियमांवर सोंपवितो. पण भिंत फुटल्यावर ती पुन्हां उभी करण्याचा खर्च मालकास मिळावा, हें जें मूळ तत्त्व, तें दोहोंकडे एकच आहे. आणि तें परदेशांतून आलेलें नाहीं.

७

आतां आमच्या भिंतीविषयीं. तिची हकीकत सांगण्यांत आमचा कमीपणा आहे, पण सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील.

शेजाऱ्यांनीं कागद विचारला, तेव्हां आम्हांस आठवण झाली कीं असा कागद घरांत होता. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आजोबांच्या दप्तराची आम्हीं स्वतः छाननी केली. संस्कृत पोथ्या ठेविल्या, कोणा नामांकित पुरुषाचा शिक्का वा हस्ताक्षर असेल तीं पत्रें ठेविलीं. उरलेल्या गठ्ठ्यांत बोळाची मोरी, पन्हळाचें पाणी, भिंतीची डागडुजी असल्या मजकुराचे मोडी कागद होते. इतिहासास यांचा उपयोग नाहीं असें ठरवून आम्हीं ते रद्दींत घातले. ज्यानें जन्मभर विद्यार्थ्यांस जुने कागद जपा म्हणून सांगितलें, त्यानेंच स्वतःच्या भिंतीचा पुरावा शेरावर विकला.

अखेर काम झालें तें कौटिल्याच्या पहिल्याच सूत्रानें. आळींत पलीकडच्या घरांत नव्वदीच्या घरांतील एक आजी राहतात. त्यांना बोलावून आणलें. त्यांनीं शेजाऱ्यांस सांगितलें, “अरे, मी लग्न होऊन या आळींत आलें तेव्हांपासून ही भिंत अशीच उभी आहे. भिंत मास्तरांची, बोळ दोघांचा. मोरी तुंबली कीं तुझे आजोबा आणि यांचे वडील मिळून काढीत.” शेजारी तरुण असले तरी त्यांनीं आजींचा शब्द मोडला नाहीं. भिंत जोत्यापासून नवी बांधून देण्याचा खर्च त्यांनीं दिला; पोथ्यांबद्दल आम्हीं कांहीं मागितलें नाहीं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाहीं. परंतु वीस वर्षांचा उपभोग शाबीत करण्यास एका वृद्ध सामंतेच्या स्मरणावांचून आमच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें, आणि असें स्मरण प्रत्येक आळींत सांपडेल असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. राजवाड्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड छापले व त्यांच्या पाठोपाठ अनेकांनीं दप्तरें तपासलीं. त्यांत राजकारणाचे कागद पुढें आले हें त्या काळीं योग्यच होतें. पण आज जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत, आणि तुळया व दारांबरोबर कोनाड्यांतील दप्तरेंही बाहेर पडत आहेत. चतुःसीमा लिहिलेलीं खरेदीखतें, भिंत सामाईक कीं स्वतंत्र याचे करार, पन्हळ व मोरीचीं कराराचीं पत्रें, डागडुजीच्या खर्चाच्या याद्या, शेजाऱ्यांच्या तकरीरी, असे कागद दिसल्यास ते बाजूस ठेवावे. तारीख, ठिकाण व कोणत्या घरांतून मिळाले याची नोंद करावी. बोळ किती हातांचा होता, भरपाई कोणी दिली, रोख दिली कीं भिंत बांधून दिली, हें त्यांत असेल. कात्यायनाचे दोन हात आपल्या पेठांत किती पाळले गेले व तद्व्यय प्रत्यक्षांत कसा चुकता होई, याचें उत्तर स्मृतींच्या पोथ्यांत मिळणार नाहीं. तें या कागदांतच मिळेल.

भिजलेले दोन रुमाल आम्हीं सावलींत वाळविले. एकांतील पोथीचीं कांहीं पानें चिकटलीं आहेत. उरलेलीं वाचतां येतात. नव्या भिंतीच्या खर्चाचा हिशेब, आजींच्या सांगण्याचें टिपण व शेजाऱ्यांची सही असलेला कागद आम्हीं त्याच रुमालांत बांधून ठेविला आहे.